बादली निशाणीच्या यमुनाआत्या

लग्नाच्या मांडवात यमुनाआत्या आल्या की आधी प्लग काढायच्या. डीजेचा, स्पीकरचा, एकदा तर कुणीतरी कोपऱ्यात लावून ठेवलेल्या मोबाइल चार्जरचासुद्धा. मानकोलीच्या एका हळदीत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी माझ्या हॅलोजनचा प्लग काढला होता. कॅमेऱ्यातला नवरदेव एकदम काळोखात गेला. मी ओरडलो, "अहो मावशी, शूटिंग चालू आहे!" साठी उलटलेली, सावळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवरून नेसलेली ती बाई वळली आणि म्हणाली, "आदी गानं, मंग फोटू. देवाला आयकू येतं. त्याला तुझा उजेड नको." आणि पाटाशेजारी बसून त्यांनी असा काही आवाज लावला, की मी कॅमेरा खांद्यावरून उतरवून नुसता ऐकत उभा राहिलो.

भिवंडीत मंडईजवळ माझा छोटा स्टुडिओ होता. लग्नांचं शूटिंग हाच मुख्य धंदा. यमुनाआत्या होत्या धवलारीण. आमच्याकडच्या आगरी लग्नांत प्रत्येक विधीचं गाणं गाणारी आणि विधी नीट होतोय की नाही ते बघणारी जी बाई असते, ती धवलारीण. भटजी मंगलाष्टका म्हणून दुसऱ्या लग्नाला पळतो. हिला मात्र मांडव पडल्यापासून नवरी सासरी पोचेपर्यंत उसंत नसते. एकाच मांडवात सारखी गाठ पडायची, त्यामुळे आमची ओळख वाढत गेली. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मी 'फोटू'. "ए फोटू, जेवलास का?" हे त्या भर विधीत, गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये विचारायच्या.

धवल्यात, म्हणजे या लग्नाच्या गाण्यात, खोटं घालायचं नाही, हा त्यांचा नेम. एका वरमाईने हट्ट धरला, आमचा मुलगा इंजिनीअर आहे असं गा. मुलगा ट्रेलर चालवायचा. आत्या म्हणाल्या, "खोटं गायलं का माझा घसा बसतो. उद्या दुसरं लगीन हाय, तिथं काय बोंबलू?" आणि त्यांनी गायलं ते असं, की नवरदेव घाटातून ट्रेलर उतरवतो तेव्हा डोंगर बाजूला सरतो, पण आईने डोळे वटारले की हाच मोरीत लपतो. मांडव हसून लोळला. नवरदेव सर्वांत जास्त हसला. वरमाई मात्र रुसली ती रुसलीच.

आत्यांचं घर पूर्णा गावात. नवरा बाळाराम केणे खाडीत होडी घालायचा. तो जाऊन फार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भोवतालच्या शेतांवर एकेक करत गोडाऊनं उभी राहिली, गावातल्या लोकांचे बंगले झाले, दारात गाड्या आल्या. आत्यांचं कौलारू घर तेवढं तसंच राहिलं. गावची जुनी विहीर एका विकलेल्या शेतात होती. हळदीच्या दिवशी बायका वाजतगाजत तिच्यावर जायच्या, पाणी आणायच्या आणि त्या पाण्याने नवरा-नवरीला अंघोळ घातली जायची. शेत घेतलं बाळाराम शेठने. हा शेठही केणेच. आमच्या भागात बाळाराम आणि केणे दोन्ही पोत्याने सापडतात. शेठने भिंत घातली, विहीर भिंतीआड गेली. बायका कळश्या घेऊन गेल्या तर वॉचमन म्हणाला, "अंदर कंटेनर खाली हो रहा है, बाद में आओ." ते 'बाद में' कधी उजाडलंच नाही.

मग एका हळदीत मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. मुलाच्या मित्रांनी बाटलीबंद पाण्याचे खोके आणले आणि एकेक बाटली फोडून कळशीत ओतायला सुरुवात केली. झाकणांची सीलं कटकट तुटत होती. आत्यांनी ओठांवर आलेलं गाणं तसंच गिळलं. कळशीकडे बघत त्या मला म्हणाल्या, "फोटू, या पान्यावर कनचा धवला गाऊ रं मी?"

त्याच उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक लागली. एका सकाळी श्रीधर नावाचा कार्यकर्ता आत्यांना घेऊन माझ्या स्टुडिओत आला. श्रीधर नानांचा माणूस, आणि नाना म्हणजे आमच्या मतदारसंघातले एक तगडे उमेदवार. "आत्यांचा पासपोर्ट फोटो काढ, ओळखपत्राला पाहिजे," तो म्हणाला.

"कसलं ओळखपत्र?"

"उमेदवाराचं. आत्या खासदारकीला उभ्या आहेत. काल अर्ज भरला."

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही. स्टुलावर ताठ बसलेल्या आत्या म्हणाल्या, "यानी मना इचारलं, निवडून आलीस तं काय करशील? आजपरत मना असं कोनी इचारलं न्हवतं. मी बोल्ले, हीर उघडीन. ह्यो बोल्ला, उघड."

श्रीधरला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. मला राहवेना. "आत्या, बाळाराम शेठची बायको पण उभी आहे, माहीत आहे ना? शेठवर खटला चालू आहे म्हणून पक्षाने तिकीट तिला दिलंय."

"म्हाईत हाय. ताई बोलतान तिला."

"तिचं नाव काय?"

"ताईच."

"यमुना. यमुना बाळाराम केणे."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाठीमागच्या निळ्या पडद्याकडे, जणू तिथे ती दुसरी उभी असावी. "म्हंजे लोकांनी तिला मत द्यायला जायचं आनि चुकून मना द्यायचं?"

"हो."

"यासाठी मना उभी केली? चुकीसाठी?"

मी फोटो काढला. तो आजही माझ्याकडे आहे. थोबाडीत बसल्यावर माणूस जसा दिसतो, तशा त्या दिसतात.

अर्ज मागे घ्यायचा असं त्यांनी ठरवलं, पण त्याआधीच त्या उभ्या राहिल्याची बातमी शेठच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांच्या दारात गाड्यांची रांग लागली. "तू इथंच थांब, मना यांची भाषा समजत न्हाय," असं सांगून त्यांनी मला ओटीवर बसवून घेतलं होतं. शेठ आला, सोबत यमुनाताई. कॉलेज शिकलेली, चाळिशीची, फ्लेक्सवर हात जोडून हसणारी बाई. प्रत्यक्षात मात्र ती नवऱ्याच्या मागे गप्प उभी होती.

"आत्या, आपण एका गावची माणसं," शेठ म्हणाला. "मोकळेपणाने बोला. काय पाहिजे? घर बांधून देऊ?"

"हीर."

"विहीर?" शेठने आपल्या माणसाकडे पाहिलं. "कुठली विहीर रे?"

आपल्या भिंतीच्या आत विहीर आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं!

दुपारी फाटक उघडलं. अख्ख्या गावातल्या बायका कळश्या घेऊन, ताशा लावून आत शिरल्या. दोन्ही बाजूंना डोंगराएवढे कंटेनर आणि मध्ये ती विहीर. काठावर गवत माजलं होतं, पण पाणी काचेसारखं होतं. आत्या गायला लागल्या तर आवाज कंटेनरांवर आपटून दुप्पट होऊन परत येत होता. शेठच्या माणसांनी मला खुणावलं आणि यमुनाताईंनी आत्यांच्या पायांना हात लावलेला फोटो मी काढला. माणसं पांगली तशा ताई विहिरीत वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "गोडं आहे का हो पाणी?" आत्यांनी कळशीतलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं. ताई घटाघटा प्यायल्या. त्याचा फोटो कुणी मागितला नाही.

"उद्या जाऊन माझं नाव काढून घेते," आत्या म्हणाल्या. "शब्द."

दुसरा दिवस अर्ज मागे घेण्याचा शेवटचा. मी आत्यांना स्कूटरवरून कचेरीत नेणार होतो. पोचलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "श्रीधरची जीप आली व्हती. कचेरीत नेतो बोल्ला." मी कचेरीत गेलो. आत्या तिथे नव्हत्या. मुदत संपली, शिपायाने दार ओढून घेतलं, तरी आत्या नव्हत्या. उन्हं उतरल्यावर जीपने त्यांना गावाच्या वेशीवर आणून सोडलं. मी धावत गेलो.

"कुठे होतात?"

"तिकडं वाडा गावाच्या बाजूला. कोनाच्या तरी बंगल्यात." त्यांच्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं. "पापलेट खाऊ घातलं रं. पंखा लावला. बाय जेव, बाय झोप. आनि दार भायेरून लावलं. मी हाका मारल्या तं एक पोरगा बोल्ला, आत्या, एक धवला म्हना ना."

पोलिसात जाऊ म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काय सांगू? पापलेट दिलं म्हनून?"

शेठच्या लेखी आत्यांनी दगा दिला. दुसऱ्या सकाळी फाटक बंद. आत्या फाटकावर थापा मारून आल्या, ओटीवर बसल्या, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "शब्द दिला व्हता. नाव निघत न्हाय तं न्हाय. लोकांना सांगून येते."

आणि यमुनाआत्या प्रचाराला बाहेर पडल्या. त्यांना निशाणी मिळाली होती बादली. यमुनाताईंच्या पक्षाची घागर. श्रीधरने बादली मुद्दाम मागून घेतली होती. घाईत बटण दाबणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसाव्यात म्हणून. दिवस लग्नसराईचे. आत्या मांडवात शिरायच्या, प्लग काढायच्या आणि भर शांततेत सांगायच्या, "माझं नाव यमुना बाळाराम केणे. मी उभी हाय. माझी निशानी बादली. मना मत देऊ नका. मना कायबी येत न्हाय. मना चुकीसाठी उभी केली हाय."

कुणी उमेदवार असं बोललेला आमच्या लोकांनी बापजन्मात ऐकला नव्हता. त्या नाक्यावर बोलल्या, बाजारात बोलल्या, मला घेऊन यंत्रमागाच्या कारखान्यांच्या गल्लीतही शिरल्या. लूमच्या खडखडाटात त्यांचा आवाज पोचेना, तर शिफ्ट सुटण्याची वाट बघत दारात बसून राहिल्या. कामगार बाहेर आले. एकाने विचारलं, "अम्मा, वोट काहे को नहीं देना?"

"मेरे को कुछ नहीं आता, बेटा. मैं शादी में गाना गाती. दिल्ली में मैं क्या करेगी?"

तो सोबत्याकडे वळला. "सुना? पहली बार कोई सच बोला." सोबत्याने विचारलं, "निशानी क्या है अम्मा?"

"बादली. लेकिन दबाने का नहीं."

"बाल्टी," त्याने मान डोलावली. "याद रहेगा."

मला ते तेव्हाच खटकलं होतं. आत्यांना मात्र समाधान वाटत होतं. "बघितलंस, कसं कान देऊन आयकतान!" असं त्या स्कूटरवर माझ्या मागे बसून म्हणायच्या. शेठची माणसं आम्हाला पाहून रस्ता बदलायची. नानांच्या सभेत मात्र श्रीधर हसून हात हलवायचा.

मतमोजणीच्या दिवशी मी आत्यांच्या घरी होतो. शेजारच्या टीव्हीवर आकडे सरकत होते. बादलीला मतं पडत होती. आधी मला वाटलं, वाचण्यात चूक होतेय. पण प्रत्येक फेरीला बादली फुगत गेली. ज्या गावांत आत्या गेल्या नव्हत्या तिथे लोकांनी घागरीला मत दिलं होतं. जिथे जिथे त्या हात जोडून 'देऊ नका' म्हणाल्या होत्या, तिथे लोकांनी शोधून, मोजून बादली दाबली होती. श्रीधरला हवी होती तेवढी चूक झालीच नाही. लोकांनी जाणूनबुजून मत दिलं होतं. यमुनाताई थोडक्यात पडल्या. नाना खासदार झाले. आत्या तिसऱ्या आल्या.

गुलालाने माखलेला श्रीधर पेढे घेऊन आला आणि आत्यांच्या पायावर पडला. "आत्या, तुमच्यामुळे!" आत्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. घसा पार बसला होता. श्रीधर गेल्यावर त्या कशाबशा कुजबुजल्या, "खरं बोलूनबी घसा बसतो? मना म्हाईत न्हवतं."

"आत्या, तुम्ही स्वतः मत कुणाला दिलं?"

"घागरीला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हे विचारूच कसं शकलो. "शब्द दिला व्हता."

पंधरवडाही गेला नसेल, शेठने विहिरीत मुरूम टाकायला सुरुवात केली. डंपरमागून डंपर. आत्या भिंतीबाहेर उभ्या राहून प्रत्येक डंपर रिकामा होताना ऐकत होत्या. वर काँक्रीट पडलं आणि तिथे ट्रक उभे राहायला लागले. आत्या नानांच्या कचेरीत गेल्या. बराच वेळ बसवून ठेवल्यावर श्रीधर बाहेर आला आणि म्हणाला, "आत्या, साहेब दिल्लीत आहेत."

पुढचा धक्का माझ्यासाठीच राखून ठेवलेला होता. पूर्णाला नव्या गोडाऊनचं उद्घाटन होतं, फोटोची ऑर्डर मला आली. जाऊन बघतो तर फीत कापायला खासदार नाना, आणि शेजारी कात्रीचं तबक धरून बाळाराम शेठ. दोघांची भागीदारी. श्रीधर पाहुण्यांना पेढे वाटत होता. "जरा जवळ या," मी सवयीने म्हणालो, आणि ते इतके जवळ आले, की फोटोत दोघांचे खांदे वेगळे दाखवता येईनात. मी आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "लगीन लागलं म्हन त्यांचं," त्या म्हणाल्या, आणि परत निवडायला लागल्या.

शेठला दुखवायला नको म्हणून लोकांनी आत्यांना लग्नाला बोलावणं सोडलं. उघड कुणी काही बोललं नाही. धवले आता सीडीवर मिळतात, एवढंच म्हणायचे. आत्यांनी घर बंद केलं आणि त्या दिघाशीला धाकट्या बहिणीकडे, सावित्रीबाईंकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जायचो. भाताच्या खाचरांच्या कडेला ते घर. आत्या तिथल्या पोरींना गाणी शिकवत. मला पाहिलं की हाक यायची, "ए फोटू, जेवलास का?" निवडणुकीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एकदाच, दारातल्या पोरींकडे बघत म्हणाल्या, "या पोरी गाताना मधीच थांबतान आनि इचारतान, आत्ये, बरोबर हाय का? मना लई बरं वाटतं. इचारलेलं."

मग एक दिवस सावित्रीबाईंच्या मुलाचा फोन आला. आत्या पहाटे झोपेतच गेल्या होत्या. त्याने लोकल केबलवरही बातमी दिली होती. पूर्णातल्या जुन्या शेजारणींना सोबत न्यावं म्हणून मी आधी तिकडे गेलो, आणि गावाच्या तोंडाशी स्कूटर थांबवावी लागली. कमानीवर भलामोठा फ्लेक्स चढत होता. भावपूर्ण श्रद्धांजली, यमुना बाळाराम केणे. खाली शोकाकुल म्हणून नानांचा हात जोडलेला फोटो. आणि मधोमध, फुलांच्या चौकटीत, यमुनाताई.

दोघी एकाच दिवशी गेल्या?

शेठच्या बंगल्यासमोर गाड्यांना जागा नव्हती. पांढरे कपडे, हार, पुष्पचक्रं. नाना स्वतः आले होते, डोळ्यांना रुमाल लावून. श्रीधर माणसांना रांगेत लावत होता. आणि बाळाराम शेठ फाटकात उभा राहून घशाच्या शिरा ताणून ओरडत होता, "अहो, मेली नाहीये ती! आत चहा घेतेय! कुणी सांगितलं तुम्हाला?" लोक हार मागे लपवत एकमेकांकडे बघत होते. एक जण पुटपुटला, "मग कोण गेली?" कुणालाच ठाऊक नव्हतं. वर गॅलरीत यमुनाताई उभ्या होत्या, कठड्याला धरून, खालच्या त्या हारांकडे बघत. मी खालून ओरडून सांगितलं, "ताई, आमच्या आत्या गेल्या. दिघाशीला." गर्दी हां हां म्हणता पांगली. दिघाशीला यायला कुणी निघालं नाही. शेजारणींनीही दारं लोटून घेतली.

दिघाशीत ओटीवर आत्यांना ठेवलं होतं, स्मशानात न्यायला अजून अवकाश होता. त्यांनी शिकवलेल्या पोरी, वाडीतल्या काही बायका, सावित्रीबाई आणि मी. सावित्रीबाईंना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे. दुपार कलताना बांधावर एक गाडी थांबली. चालवत आलेली बाई उतरली, चपला दूर काढून अनवाणी ओटीपाशी आली. मी ओळखलं आणि उठून उभा राहिलो.

"कोन आली ग?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"मी यमुना."

"कनची यमुना?"

त्या बाईने आत्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "यमुना बाळाराम केणे," ती म्हणाली.

ओटीवरचं रडणं एकदम थांबलं. एका पोरीने तोंडावर हात दाबला. सावित्रीबाईंनी हात पुढे केला, ताईंचा चेहरा, कपाळ, ओले गाल सावकाश चाचपून पाहिले. मग आपल्या शेजारच्या गोणपाटावर थोडं सरकून जागा केली.

"बस बाय," त्या म्हणाल्या. "तुना न्यायला आजून येळ हाय."